मी पुसलेलं शिंग

टोकियोतल्या निशी-कसाई या भारतीयांच्या वस्तीत, दिवाळी मेळाव्यात नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कुठल्या कंपनीत?"

"संग्रहालयात," मी म्हणतो.

"अच्छा, म्हणजे त्यांचे सर्व्हर वगैरे?"

"नाही, मडकी बघतो."

यानंतर समोरचा माणूस सहसा फराळाच्या टेबलाकडे वळतो. एका सद्गृहस्थांनी मात्र चिकाटी सोडली नाही. "मडकी हे प्रोजेक्टचं नाव आहे का?" मी सांगितलं, खरीखुरी मडकी, मातीची, इराणमधली, पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची. ते माझ्या बायकोकडे, वैशालीकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही जॉब करता ना?"

ती करते. आयटीतच.

माझे वडील देगलूरच्या नगरपालिकेत वॉल्व्हमन होते. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातात असायचं, त्यामुळे गावात त्यांना मान होता. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला. जिल्हा परिषदेची शाळा, गावातलंच कॉलेज, रसायनशास्त्र, पुढे पुण्यात पीएच.डी. प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी सर भेटले आणि त्यांनी वर ढकललं. त्या सगळ्यांच्या पुण्याईवर मी टोकियोत पोचलो. वडिलांना फोनवर कामाचं स्वरूप समजावून सांगितलं, की फुटलेली जुनी भांडी येतात, त्यांची माती आणि रंग तपासायचा. ते म्हणाले, "फुटकीच का देतात रे? चांगली हातात द्यायला भितात का?"

पुढे जे घडलं ते पाहता त्यांची शंका रास्त होती.

आधी ही भांडी काय आहेत ते सांगतो. इराणमध्ये जागोजागी 'तेपे' म्हणजे टेकाडं आहेत. निसर्गाने केलेली नाहीत ती. मातीची घरं पडायची, त्यांच्यावर नवी बांधायची, असं हजारो वर्षं चालून उंच झालेली. आपल्याकडे गावाबाहेर पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, असते तशीच, फक्त फार मोठी. त्या टेकाडांत आणि त्यांच्या पायथ्याच्या कबरींत ही भांडी सापडली. नैऋत्येकडच्या सूसा या ठिकाणची तर जगभर प्रसिद्ध आहेत. फिकट पिवळसर माती, बोटाने टिचकी मारायला भीती वाटावी इतकी पातळ, आणि तिच्यावर गडद तपकिरी रंगात चित्रं. पाणपक्षी, लांबलचक कुत्रे, आणि सगळ्यांत लाडका म्हणजे रानबोकड. त्याचं अंग म्हणजे दोन त्रिकोण. पाय म्हणजे चार रेघा. शिंगं मात्र मागे वळून एवढी मोठी, की जवळजवळ पूर्ण वर्तुळ होतं. काढणाऱ्याने बोकड शिंगांसाठीच काढला असावा असं वाटतं. चित्रं का काढली, बोकडच का, हे कुणालाच ठामपणे माहीत नाही. ठामपणे सांगणारे बरेच आहेत.

मलाही काही माहीत नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख कुरोदा-सान मला म्हणाले, "तांबे-सान, तुम्ही तर जोर्व्याच्या रंगीत भांड्यांच्या प्रदेशातले. तुम्हाला हे सगळं घरचंच वाटत असेल." मी म्हटलं, "हो हो, अगदी." मग स्वच्छतागृहात जाऊन दार लावलं आणि फोनवर जोर्वे शोधलं. आपल्या नगर जिल्ह्यातलं गाव निघालं. तिथे तीनेक हजार वर्षांपूर्वीची, लाल मातीवर काळी नक्षी काढलेली भांडी सापडली आहेत आणि महाराष्ट्रातल्या त्या सगळ्या भांड्यांना त्याच गावाचं नाव पडलं आहे. हे मला महाराष्ट्रात एकोणतीस वर्षं राहून कळलं नव्हतं. टोकियोच्या संडासात चार मिनिटांत कळलं.

आता माझ्या कामाविषयी. जपानी व्यापारी कंपन्यांचे लोक पूर्वी तेहरानला नेमणुकीवर असायचे. येताना गालिचा आणायचे, पिस्ते आणायचे, आणि बाजारातून एखादं जुनं भांडंही. आता ते लोक वारले किंवा फार म्हातारे झाले. मुलांना भांडं नको असतं. मग ते आमच्याकडे तपासायला येतं आणि मला सांगावं लागतं, की यातलं जुनं किती आणि नवं किती. कारण बाजारातले कारागीर फार हुशार असत. तीन फुटक्या भांड्यांचं एक अखंड भांडं करायचे, फटीत प्लास्टर भरायचे आणि त्याच्यावर अर्ध्या बोकडाचा पूर्ण बोकड रंगवून द्यायचे.

ओळखायची युक्ती सोपी आहे. जुना रंग भांड्याबरोबर भट्टीत भाजलेला असतो. त्यात लोह आणि मँगनीज असतं आणि तो मातीचाच भाग होऊन बसतो. नव्या रंगावर ॲसिटोनचा, म्हणजे नखांचा रंग काढायच्या द्रव्याचा, बोळा फिरवला की तो सुटून येतो. जुना हलत नाही. त्याआधी अतिनील दिव्याखाली बघतात, क्ष-किरणांनी आतले सांधे बघतात. बोळा सगळ्यांत शेवटी, कडेच्या न दिसणाऱ्या जागी, तांदळाच्या दाण्याएवढ्याच भागावर. हा नियम मी नव्या मुलांना शिकवतो. फार पोटतिडकीने शिकवतो.

सुरुवातीला मी फार मवाळ होतो. एका निवृत्त दंतवैद्यांनी तोटीचं एक भांडं आणलं. त्यातली एक खाच कसल्यातरी पांढऱ्या, अतिशय टणक द्रव्याने इतकी सुबक बुजवली होती, की मी भारावून गेलो. ही प्राचीन दुरुस्तीची अज्ञात पद्धत असू शकते, असं मी टिपणात लिहिलं. कुरोदा-सान यांनी ते टिपण दंतवैद्यांपुढे ठेवलं. दंतवैद्य लाजून म्हणाले, "रविवारी दवाखाना बंद असायचा, तेव्हा भरलं."

दाढेत भरायचं सिमेंट होतं ते. प्रयोगशाळेत पुढे वर्षभर कुणाची दाढ दुखली की म्हणायचे, "तांबे-सानना दाखव, प्राचीन असेल."

त्यानंतर मी ठरवलं, की पुन्हा फसायचं नाही. प्रत्येक भांड्याकडे संशयाने बघायला लागलो. वैशाली म्हणायची, "घरी वरणाकडेसुद्धा तसंच बघतोस."

होरिउची-सान याच काळात आल्या. वय ब्याऐंशी. इचिकावाहून एकट्या, भांडं एका जांभळ्या रुमालात बांधून, मांडीवर धरून ट्रेनने आणलेलं. त्यांचे यजमान साठीच्या दशकात तेहरानला होते. चार वर्षांपूर्वी वारले. आता त्या महिनाअखेरीला वृद्धनिवासात राहायला जाणार होत्या. खोली लहान, फडताळ एकच. संग्रहालयाने भांडं ठेवून घ्यावं एवढीच इच्छा.

भांडं सुंदर होतं. उंच पेला, आणि त्याच्यावर एक रानबोकड. एक शिंग सफाईदार, दुसरं जरा जड हाताने काढलेलं.

"हे भांडं ना," बाई सांगू लागल्या, "त्या मोठ्या भूकंपात..."

मी हात पुढे केला. अत्यंत आदराने. माझं जपानी तेव्हा बेताचं होतं, म्हातारी माणसं बोलायला लागली की निम्मं निसटायचं, आणि ते त्यांना कळू नये असं वाटायचं. शिवाय मी शास्त्रज्ञ होतो. मी म्हटलं, "होरिउची-सान, तुम्ही काही काळजी करू नका. सगळं यंत्रच सांगेल."

"असं?" त्या म्हणाल्या. "यंत्र फारच हुशार आहे." आणि वाकून नमस्कार करून गेल्या. भांड्याबरोबर भरायच्या अर्जात पूर्वी झालेल्या दुरुस्त्यांसाठी जागा असते. तिथे मी 'माहिती नाही' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अतिनील दिवा लावला आणि मला आनंदाने उडीच मारावीशी वाटली. ते जड शिंग आणि त्याच्याभोवतीचा तळहाताएवढा भाग निराळ्याच रंगात चमकत होता. प्लास्टर! वर नवा रंग! सापडला बाजारातला लबाड कारागीर. मी कडेला बोळा टेकवला. तांदळाच्या दाण्याएवढाच. गडद रंग लगेच सुटला. खाली पांढरं.

इथे थांबायचं असतं.

मी म्हटलं, आणखी थोडं. लहानपणी गुडघ्यावरची खपली काढताना जसं होतं तसं झालं. खाली कदाचित अस्सल शिंगाचा तुकडा दडलेला असेल, असंही मी मनाशी म्हणत होतो, म्हणजे कारण शास्त्रीय होतं. सूक्ष्मदर्शकातून एकेक रेघ बघत होतो आणि पुसत होतो. फोटो काढायचे असतात, ते दोनच काढले, तेही घाईघाईत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शिंग गेलं. खाली सगळं प्लास्टर. अस्सल काहीच नव्हतं.

अहवाल मात्र झकास झाला. कारागिराची मी त्यात हजेरीच घेतली. कुरोदा-सान यांनी तो दुपारी उभ्या उभ्याच वाचला, पानं खाली ठेवली आणि विचारलं, "तांबे-सान, त्यांना विचारलं होतंत?"

"काय?"

"हे शिंग कुणी काढलं ते."

मी फोन केला. होरिउची-सान यांनी पहिल्याच घंटेला उचलला. मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

"ते शिंग होय? ते आमच्या यजमानांचं," त्या म्हणाल्या. "भूकंपात फडताळावरून पडलं ना भांडं. शिंगाकडचा भाग पार चुरा झाला. मग ते रिटायर झालेले, उद्योग नाही. सबंध हिवाळा बसले होते. त्या दिवशी सांगणारच होते मी, पण तुम्ही म्हणालात यंत्र सांगेल." मग त्यांनी विचारलं, "सांगितलं का यंत्राने?"

"हो," मी म्हटलं. "सांगितलं." आणि फोन ठेवला.

कुरोदा-सान दारातच उभे होते. "पुसलं हे सांगितलंत?"

"नाही."

"बरं केलंत. हे फोनवर सांगायचं नसतं. शनिवारी जाऊ. गडद सूट आहे ना?"

आमच्या धंद्यात भांडं फुटणं हा अपघात समजला जातो. होतं कधीकधी. पण मालकाला न विचारता भांड्यावरून काही काढून टाकणं ही वेगळीच गोष्ट. तिला भरपाई नसते, कारण काढलेलं परत घालता येत नाही. बाई तक्रार करू शकल्या असत्या, माझा करार संपला असता, पाठोपाठ व्हिसाही. खरं सांगतो, पहिल्या रात्री मी त्याच काळजीत होतो. दुसऱ्या दिवशी मला एवढंच दिसत होतं, की एक म्हातारा माणूस हिवाळाभर टेबलाशी वाकून बसला आहे, आणि मी त्याला तीन तासांत उठवलं.

शनिवारी सकाळी सूट घातला. वैशाली टाय नीट करत म्हणाली, "तिथे रडू नकोस."

"मी कशाला रडेन?"

"तुझा चेहरा आधीच रडवेला असतो. त्यांना वाटेल भांडं फुटलंच." मग जरा वेळाने म्हणाली, "आणि त्या बोलायला लागल्या की या वेळी ऐक."

जपानमध्ये माफी मागायला जाण्याची रीत आहे. एकट्याने जायचं नाही, वरिष्ठाला बरोबर घ्यायचं. नावाजलेल्या दुकानातल्या मिठाईचा खोका न्यायचा, पण आधी माफी, मिठाई नंतर. आधी दिली तर लाच वाटते. कमरेतून वाकायचं आणि समोरचा बोलेपर्यंत वर यायचं नाही. हे सगळं कुरोदा-सान यांनी मला ट्रेनमध्ये शिकवलं. साठीतला, इतका मोठा विद्वान माणूस, माझ्या चुकीसाठी मिठाईचा खोका मांडीवर घेऊन बसला होता आणि मला वाकायचा कोन समजावत होता.

घरात सगळीकडे पुठ्ठ्याची खोकी होती, सामान आवरून झालेलं. आम्ही भांडं टेबलावर ठेवलं. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं आणि वाकलो. कुरोदा-सानही माझ्या शेजारी वाकले. मला फक्त तातामीची, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईची, वीण दिसत होती.

"थांबा," होरिउची-सान म्हणाल्या. "चष्मा बदलते."

त्यांनी जवळचा चष्मा लावला, भांडं आपल्याकडे फिरवलं आणि जिथे शिंग होतं तिथे बघितलं. मग दिवा लावून पुन्हा बघितलं.

"खरंच नाही," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाकलो.

"उठा हो, तुमची कंबर धरेल." आवाजात राग नव्हता, पण मऊही नव्हता. "मी कधी इतकं जवळून बघितलंच नाही. ते काढत बसायचे आणि मी मागून म्हणायचे, जेवण गार होतंय. आता बघावं म्हटलं तर तुम्ही पुसून आणलंत." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तर बघितलं असेल? पुसताना?"

"हो. सूक्ष्मदर्शकातून."

"मग सांगा, काय दिसलं?"

माझ्या बॅगेत अहवाल होता. मी कुरोदा-सान यांच्याकडे बघितलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी तो लबाड कारागिराविरुद्ध लिहिला होता. आता त्याच माणसाच्या बायकोसमोर वाचायचा होता. शब्द गाळायची संधी होती. पण एकदा न ऐकून काय झालं ते दिसत होतं, म्हणून सगळं वाचलं.

"रंगवणाऱ्याचा हात सराईत नाही," मी वाचलं.

"नव्हताच," बाई म्हणाल्या. "पोलाद विकायचे. पुढे?"

"शिंगाच्या वळणावर कुंचला दोनदा थांबलेला दिसतो. दुसऱ्यांदा थांबल्यावर रेघ पुन्हा सुरू करताना हात कापला आहे."

"हं."

"तीन ठिकाणी एकावर एक थर आहेत. चूक झाल्यावर आधीचं न पुसता त्याच्यावरच पुन्हा रंगवण्याची अडाणी पद्धत."

"पुसायला धजत नसत," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. "पुढे?"

"टोकाजवळ रंगात एक पांढरा केस अडकलेला आहे. कुंचल्याचा नसावा. कामाची जागा अस्वच्छ असावी."

यावर बाई एकदम हसल्या. इतक्या मोठ्याने, की मी दचकलो. "शिरो! आमची मांजर. टेबलावरून उतरायचीच नाही मेली. ते एका हाताने तिला ढकलायचे आणि एका हाताने शिंग काढायचे." हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. कुरोदा-सान खिडकीबाहेर बघत होते. तिथे शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर सोडून काही नव्हतं.

मग कुरोदा-सान यांनी उरलेली वाईट बातमी सांगितली. संग्रहालय भांडं घेऊ शकत नव्हतं. शिंगामुळे नाही. हे भांडं इराणमध्ये कुठे खणून काढलं आणि कसं बाहेर आलं याचा एकही कागद नव्हता, आणि असं भांडं घ्यायचं नाही हा आमचा नियम. आमच्याकडचा एखादा चांगला माणूस शिंग पुन्हा काढून देईल, असं त्यांनी सुचवलं. फोटोवरून हुबेहूब होईल.

"नको," बाई म्हणाल्या. "हुबेहूब त्यांनासुद्धा जमलं नव्हतं." मग माझ्याकडे बोट करून, "आणि यांच्याकडून तर मुळीच नको."

"तर मग भांड्याचं काय करायचं?" कुरोदा-सान यांनी विचारलं.

"माझ्याबरोबर येईल. फडताळावर माझीच औषधं कमी करते." नंतर त्यांनी मला बजावलं, "तुम्ही महिन्यातून एकदा यायचं. मला वळण आठवत नाही. तुम्हाला आठवतं."

त्यांनी तक्रार केली नाही. माझा करार टिकला. कुरोदा-सान कधी एका शब्दाने बोलले नाहीत, फक्त पुढचे तीन महिने माझ्या टेबलावर बोळ्यांचा डबा कुणी ठेवला नाही.

गेली तीन वर्षं मी जातो आहे. वृद्धनिवासात मी आता प्रसिद्ध आहे. होरिउची-सान माझी ओळख 'शिंग पुसणारे डॉक्टर' अशी करून देतात. जेवणघरात मी बसलो की समोरचे एक आजोबा आपला चहाचा कप सावकाश जवळ ओढून घेतात. एकदा आमच्या इथल्याच शाळेत जाणाऱ्या मुलीला नेलं होतं, ती तिथल्या बायकांशी घडाघडा जपानीत बोलली आणि येताना मला म्हणाली, "बाबा, तुम्ही काय केलंत ते सगळ्यांना माहितीये." भांडं खिडकीत असतं, कोरी बाजू खोलीकडे. बाई चहा करतात आणि मला सांगायला लावतात. मी हवेत बोट फिरवतो. इथून सुरुवात, इथे वर चढ, इथे पहिल्यांदा थांबले, इथे दुसऱ्यांदा, इथे हात कापला, इथे शिरोचा केस.

गेल्या महिन्यात सांगून झाल्यावर परतीच्या ट्रेनमध्ये माझ्या लक्षात आलं, की मी कुंचला तीनदा थांबवला होता. अहवालात दोनदाच आहे. आणि तिसऱ्यांदा ते का थांबले तेही मी सांगितलं होतं. म्हटलं होतं, बहुतेक तुम्ही तेव्हा जेवायला हाक मारली असेल. असं काही मला दिसलेलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकातून हाक दिसत नाही. अस्सल काय आणि मागाहून भरलेलं काय, हे ओळखण्यासाठी मला नोकरीवर ठेवलं आहे, आणि त्या कोऱ्या जागेवर मी आता स्वतःच रंग भरायला लागलो होतो.

या महिन्यात गेलो तेव्हा ठरवून गेलो होतो, की चूक दुरुस्त करायची. दोनदाच थांबायचं. तसं सांगितलं.

होरिउची-सान यांनी पूर्ण ऐकून घेतलं. चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"एकदा राहिलं," त्या म्हणाल्या. "मी हाक मारली ते."